आरपार

तापलेल्या तारेनं थर्मोकोल कापताना तार थर्मोकोलला लागता कामा नये. नांदेडला मामाच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि मला ते कोडं वाटलं होतं. विळी लागल्याशिवाय कांदा चिरत नाही, करवत लागल्याशिवाय लाकूड तुटत नाही. मग न लागता कापायचं कसं? मामानं एक ठोकळा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "ढकलू नकोस. नुसता धर. तार वाट करते, तू तिच्या मागं जा."

मी ढकललाच. तार धनुष्यासारखी वाकली, कापल्या जागेतून कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे ओढले गेले आणि कड लाटालाटांची निघाली. दुसऱ्या वेळी भीतीनं इतका सावकाश गेलो की तारेच्या दोन्ही अंगांनी थर्मोकोल वितळून मागं सरकला आणि पेन्सिल जाईल एवढी फट पडली. "आधी घाई करायलास, आता झोपायलास," मामा म्हणाला. या दोन्हींच्या मधे एक चाल असते. ती सापडली की कानाला अगदी बारीक सरसर ऐकू येते, हाताला काहीच अडत नाही आणि कापलेला भाग नुकत्याच घोटलेल्या पाटीसारखा गुळगुळीत निघतो. ती चाल मला त्या सुट्टीत एकदाच सापडली, आणि लगेच हरवली.

मामाचं दुकान वजिराबादच्या मागच्या एका बोळात होतं. लग्नाचे स्टेज, बारशाचे पाळणे, गणपतीची मखरं अशी सजावटीची कामं तो घ्यायचा. दर उन्हाळ्यात मी लातूरहून अहमदपूर, लोहा करत एसटीनं त्याच्याकडे जायचो. पुढची खोली गिऱ्हाइकांची, मागची तारेची. मागच्या खोलीत एक टेबल, त्याला मधोमध भोक, भोकातून वर उभी गेलेली तार. वरचं टोक लोखंडी दांडीला एका स्प्रिंगनं अडकवलेलं, खालचं टेबलाच्या पोटाखाली खिळ्याला बांधलेलं. ही तार म्हणजे शेगडीची कॉइल. बाजारातून हजार वॅटची कॉइल आणायची, तिचे वेढे सरळ करायचे आणि त्यातला दीड फूट तुकडा वापरायचा. निकेल आणि क्रोमियमचा हा मिश्र धातू अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी शोधला. 1906 मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. लाल होईपर्यंत तापवा, थंड करा, पुन्हा तापवा, तरी तो लवकर गंजत नाही की जळून तुटत नाही. घराघरांतल्या शेगड्या, इस्त्र्या, टोस्टर त्याच्या जोरावर चालले. मामाला मार्श माहीत नव्हते. पण कॉइल घेताना तो दुकानदारासमोरच तिचा एक वेढा ओढून, नखानं वाजवून बघायचा.

स्प्रिंग कशासाठी, हे मी खूप दिवस विचारलं नव्हतं. तार तापली की लांबते. दीड फुटाची तार कामाच्या उष्णतेला साधारण दोन मिलिमीटर वाढते. दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तेवढ्यानं ती मधेच सैल पडून पोट काढते आणि सरळ कापायचं ते वाकडं जातं. स्प्रिंग ती ढील खेचून घेते. तारेला वीज मिळायची ती थेट नव्हे. एका जुन्या बॅटरी चार्जरमधला ट्रान्सफॉर्मर होता, तो 12 व्होल्ट द्यायचा. तार लाल दिसली की मामा बटण बंद करायचा. लाल तार थर्मोकोल जाळते, फट रुंद करते आणि डोळे चुरचुरवणारा धूर सोडते. काम करणारी तार काळीच दिसते. ती तापलेली आहे हे दिसत नाही, बोट जवळ नेल्यावर कळतं.

एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई आणि नांदेडचा मे म्हणजे काय हे नांदेडकरांना सांगायला नको. त्या उन्हाळ्यात मागच्या खोलीतला पंखा बंद असायचा. वाऱ्यानं तार एका अंगानं थंड होते आणि काप थबकत जातो. धूर बाहेर जावा म्हणून खिडकी मात्र सताड उघडी. अंगावरून घाम निथळतोय, त्या घामावर पांढरे दाणे चिकटलेत, एका हातानं झटकले की दुसऱ्या हाताला चिकटतात, असा माझा मामा मला अजून दिसतो. संध्याकाळी सहाच्या पुढं तो मोठी कामं हातात घेत नसे. गावात दिवे लागले की विजेचा दाब उतरायचा आणि तार मंदावायची. दिव्याकडं न बघता, नुसत्या ठोकळ्याच्या चालीवरून तो सांगायचा, "लाइट कमी झाली बघ."

तिथं सगळ्यात जास्त काम अक्षरांचं असायचं. स्टेजच्या मागच्या पडद्यावर नवरा-नवरीची नावं, आणि वर 'शुभविवाह'. मी देवनागरी शाळेत शिकलो, पण ती कशी उभी राहते ते मामाच्या तारेवर शिकलो. इंग्रजी नाव कापायचं तर एकेक अक्षर सुटं पडतं आणि मग पडद्यावर दोऱ्यानं माप घेत ओळीत लावावं लागतं. मराठी नाव शिरोरेषेला लटकून एकसंध बाहेर येतं. आधी रेषेच्या वरच्या कडेनं पूर्ण जायचं, मग खालून एकेका अक्षराच्या आत-बाहेर फिरत परत यायचं. तार न थांबवता, एका दमात. वेलांट्या आणि मात्रा रेषेला धरून असतात, उकार पायाशी धरून असतो. सुटा पडतो तो अनुस्वार. 'चि. सौ. कां.' मधला 'कां' वरचा ठिपका दर लग्नाला लागायचाच, म्हणून मामा थर्मोकोलची एक गोल कांडी करून काकडीच्या चकत्यांसारखे ठिपके कापून ठेवायचा. डालड्याच्या एका डब्यात नुसते अनुस्वार भरलेले असायचे.

'भ' मला फार अवघड वाटायचा. 'भ' च्या डोक्यावर शिरोरेषा सलग नसते, डावीकडं छोटी फट असते, आणि त्या फटीवरच तो 'भ' असतो. फट बुजली की 'म' झाला. 'ध' आणि 'घ' चंही तसंच. एकदा मी घाईत एका मुलीच्या नावातला 'ध' वरून सलग ठेवला. मामा काही बोलला नाही. त्यानं तुकडा पुन्हा तारेपाशी धरला, दाण्याएवढी फट पाडली आणि नाव परत त्या मुलीचं झालं.

आणि 'व'. 'व' च्या पोटात बंद जागा आहे, 'ब' च्या पोटात तर तिरप्या रेघेमुळं दोन. ताणलेली तार बंद जागेत शिरणार कुठून? तारेला दोन्ही टोकं बांधलेली. ती नेहमी ठोकळ्याच्या एका कडेनं शिरते आणि आरपार जाते. एक उपाय म्हणजे अक्षराची कड एका जागी चिरून आत शिरायचं आणि ती चीर नंतर फेव्हिकॉलनं जोडायची. दुसरा, खरा उपाय वेळखाऊ. तापवलेल्या दाभणानं पोटात भोक पाडायचं, वीज बंद करायची, तार स्प्रिंगवरून सोडायची, भोकातून ओवायची, पुन्हा अडकवायची, तापवायची, पोट कापायचं, पुन्हा सगळं उलटं. मामा चीर पाडत नसे. स्टेजवर बारा फुटांवरून कुणाला चीर दिसणार, असं मी विचारलं तर म्हणाला, "मला दिसते ना."

थर्मोकोलमध्ये 98 टक्के हवा असते, हे मी पुढं कॉलेजात वाचलं. पॉलिस्टायरीनच्या बारीक दाण्यांत पेंटेन कोंडून वाफ दिली की दाणे फुगतात आणि एकमेकांना चिकटतात. 1950 च्या सुमारास जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीत फ्रिट्झ श्टास्टनी यांनी ही युक्ती साधली. आपण ज्याला थर्मोकोल म्हणतो ते मुळात त्याच कंपनीच्या भारतातल्या मालाचं व्यापारी नाव, पुढं ते मराठीत रुळून वस्तूचंच नाव झालं. तार न लागता कशी कापते हे कोडं तिथं उलगडलं. तारेच्या पुढ्यातली दोन टक्के वस्तू वितळून बाजूला सरते, बाकीची तर हवाच असते.

नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं कधीकधी विमानाचे पंख कापायला मामाकडं यायची. तेव्हा टेबल नाही, हातातलं धनुष्य लागायचं: लाकडी कमान, तिच्यात तार. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना प्लायवूडचे साचे ठोकलेले, एक मोठा आणि एक लहान, कारण पंख बुडाशी रुंद आणि टोकाशी निमुळता. दोघांनी दोन टोकं धरून साच्यावरून तार ओढायची, पण मोठ्या साच्यावरची वाट लांब आणि लहान साच्यावरची आखूड. दोघं एकाच वेळी पोचले नाहीत तर पंख पिळवटतो. म्हणून दोन्ही साच्यांवर एक ते दहा आकडे लिहिलेले. मोठ्या टोकाचा मुलगा मोठ्यानं आकडे म्हणायचा आणि दुसरा त्या आकड्यावर आपला हात आणायचा. मामाच्या खोलीत 'चार... चार... पाच' असं चाललेलं असायचं आणि आम्ही सगळे श्वास धरून उभे.

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. आदल्या रात्री उशिरापर्यंत गणपती विसर्जनाच्या मिरवणुका चालल्या होत्या. आजी-आजोबांचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. ते दोघं तेव्हा लातूरला आमच्याकडं होते म्हणून राहिले. त्यांच्या आळीतली बरीच माणसं राहिली नाहीत. आमचं गावातलं घर पूर्ण पडलं. पुढं 52 गावं नव्या जागी वसवली गेली, त्यात आमचंही आलं. नव्या गावात आजीला सिमेंटचं घर मिळालं, सरळ रस्ते मिळाले. जुन्या जागेवर बाभळी उगवल्या.

मी आठवीत गेलो तेव्हा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ते पडलेलं घर करायचं ठरवलं. का ठरवलं ते नीट सांगता येत नाही. वर्गातली अर्धी मुलं ज्वालामुखी करत होती. मला घर करायचं होतं. मामाला पत्र टाकलं आणि तो ट्रान्सफॉर्मर, तार आणि थर्मोकोलच्या इंची शीट घेऊन स्वतःच लातूरला आला.

आजी चटईवर बसून घर सांगायची. ढाळजेतून आत आलं की डाव्या हाताला जोत्यावर ओसरी, मग माजघर, तिथं भिंतीत बळद, स्वयंपाकघरात चुलीच्या वर झरोका. मापं ती हातांत आणि पावलांत सांगायची, मी ती फुटांत करायचो आणि एका फुटाला एक इंच धरून शीटवर आखायचो. छप्पर म्हणजे माळवद. तुळयांवर लाकडी पट्ट्या आणि त्यावर पांढरी माती. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून मातीचा नवा थर पडायचा. जुना कुणी काढत नसे. "माझं लग्न झालं तेव्हा माळवद इतकं होतं," आजी वीतभर हात धरायची, मग तो हात दुप्पट करायची. एवढं ओझं दगडमातीच्या भिंतींवर.

भिंती किती जाड, असं विचारल्यावर आजोबा मधे बोलले. भूकंपानंतर ते कमीच बोलायचे. म्हणाले, अडीच फूट. आणि ती एक भिंत नव्हती, दोन होत्या. बाहेरून एक दगडाची, आतून एक दगडाची, मधे माती आणि खडी भरलेली. बाहेरचा दगड बाहेरच्या भिंतीत, आतला आतल्या भिंतीत. दोन्हींना धरणारा लांब दगड घालायला पाहिजे होता, तो घातला नव्हता. जमीन हलली तशी भिंतीचं पोट फुटलं. बाहेरची बाहेर गेली, आतली आत आली, आणि वरून माळवद.

पडझड बघायला आलेल्या इंजिनिअरांनीही हेच कारण लिहिलं, आणि पुढं दुरुस्तीच्या कामांत जुन्या भिंतींना ठरावीक अंतरावर आरपार दगड घालायला शिकवलं गेलं. पण मी ते कागदावर वाचलं त्याच्या आधी आजोबांकडून ऐकलं होतं, आणि त्यांनी ते स्वतःच्या घराच्या ढिगाऱ्यात पाहिलं होतं.

मी तोवर भिंत म्हणजे एकच जाड ठोकळा कापणार होतो. अडचण आली ती देवळ्यांची. आजीच्या घरात भिंतीभिंतीत देवळ्या: दिवा ठेवायची, फणी-कुंकवाची, आजोबांच्या चष्म्याची. देवळी म्हणजे आरपार नसलेला खळगा, आणि ताणलेल्या तारेला खळगा करता येत नाही. ती गेली तर पलीकडंच जाणार. मी दिवसभर खटपट केली. संध्याकाळी मामा म्हणाला, "दोन शीट घे. एकीत आरपार चौकोन काप, दुसरी कोरी मागं लाव. झाली देवळी."

म्हणजे आजोबांनी सांगितली तशीच भिंत. आतली एक इंचाची, बाहेरची एक इंचाची, मधे अर्धा इंच जागा, आणि त्या जागेत मी कापताना सांडलेले दाणे फेव्हिकॉलमध्ये कालवून भरले. मूळ घराच्या भिंतीचा नमुना इतका नेमका करायचा माझा हेतू नव्हता. तारेनं तो करायला लावला.

फेव्हिकॉल लवकर वाळला नाही. थर्मोकोलमध्ये पाणी जिरत नाही, त्यामुळं आतला डिंक दिवसेंदिवस ओला राहतो. रबरी सोल्युशन लवकर चिकटतं, पण त्यातलं रसायन थर्मोकोलच खाऊन टाकतं, तेव्हा ते लावता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी भिंती उभ्या केल्या तर दोन्ही पदर एकमेकांपासून सुटू लागले, मधला कालवलेला भुसा खाली बसला. मामानं खराट्याच्या काड्या आणल्या, बोटभर तुकडे केले आणि बाहेरून आत, आरपार, जागजागी टोचायला सांगितलं. मी टोचत होतो. आजी समोर गहू निवडत बसली होती. तिनं विचारलं, "काड्या कशाला रे टोचायलास?"

"दोन्ही भिंती धरून राहाव्यात म्हणून," मी म्हणालो.

आजोबा खाटेवर होते. ते उठून आले, चटईवर माझ्याशेजारी बसले, आणि उरलेल्या काड्या घेऊन मागच्या भिंतीला टोचायला लागले. त्यांचा हात कापत असे, त्यामुळं काही काड्या तिरक्या गेल्या. मी त्या सरळ केल्या नाहीत. प्रदर्शनात त्या घराला बक्षीस मिळालं की नाही हे मला आता आठवतही नाही. आठवते ती मागची भिंत.

मार्च 2018 मध्ये राज्य सरकारनं प्लास्टिक आणि थर्मोकोलवर बंदी आणली. सजावटीचं थर्मोकोल त्यात आलं. मखरवाल्यांनी त्या वर्षीच्या गणपतीपुरती सवलत मागितली, जुलैमध्ये उच्च न्यायालयानं ती दिली नाही. मामाचं घर याच धंद्यावर उभं होतं, तरी मला बंदी योग्य वाटली आणि आजही वाटते. विसर्जनानंतरच्या सकाळी नांदेडच्या घाटावर गोदावरीच्या कडेनं पांढऱ्या दाण्यांची साय धरलेली मी पाहिली आहे. मासे खातात, नाल्या तुंबतात, आणि ते कुजत नाही. मामा कापड आणि पुठ्ठ्यावर गेला. पुठ्ठ्याला सुरी लागते, आणि सुरी ढकलावी लागते. दोन वर्षं त्यानं केलं, मग दुकान मुलाकडं दिलं. ट्रान्सफॉर्मर आणि धनुष्य त्यानं मला लातूरला पाठवलं, एका जुन्या चादरीत गुंडाळून. सोबत डालड्याचा डबा होता. उघडला तर तळाशी पिवळे पडलेले थोडे अनुस्वार.

विकत आणून थर्मोकोल मी वापरत नाही. पण फ्रिज किंवा टीव्ही घेतला की खोक्यात येतंच, ते माळ्यावर साठवतो. माझी भाची आर्किटेक्चरला जायचं म्हणते. तिनं यंदा गंजगोलाई करायला घेतली. लातूरची ही बाजारपेठ 1917 मध्ये फैयाजुद्दीन यांनी आखली. मधे गोल दुमजली इमारत, तिच्यात जगदंबेचं देऊळ, आणि चहूकडून येऊन मिळणारे 16 रस्ते. लहानपणी आईचं बोट धरून मी त्या गोलात हटकून चुकायचो. सोन्याच्या रस्त्यानं शिरलं तर कापडाच्या रस्त्यानं बाहेर.

गोल कापायची रीत सोपी आहे. तारेपासून हवं त्या अंतरावर टेबलात खिळा उलटा ठोकायचा, ठोकळा त्यावर खोवायचा आणि फिरवायचा. खिळ्यापासून तारेपर्यंतचं अंतर ही त्रिज्या. भाचीनं बाहेरचा गोल सुंदर काढला, मला मधे बोलावं लागलं नाही. मग आतल्या चौकाशी ती थांबली. बाजारात शिरायला सोळा वाटा आहेत, तेव्हा एखाद्या रस्त्याच्या तोंडातून चीर घेऊन आत गेलं तर कुणाला कळणार नाही, असं मीच सुचवलं.

ती त्या गोलाकडं बघत राहिली. मग तिनं दाभण मागितलं, मेणबत्तीवर तापवलं आणि मधोमध भोक पाडलं. मी बटण बंद केलं. तार निवेपर्यंत आम्ही दोघं थांबलो. तिनं ती स्प्रिंगवरून सोडवली, जिभेनं दोरा ओला करतात तसं टोक बोटांत सरळ केलं आणि खालून ओवलं. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा वर आली. अडकवून नखानं वाजवली. तार ताठ होती.

"मामा," ती म्हणाली, "पंखा बंद कर आणि खिडकी उघड."